सेवेतल्या शिक्षकांची टीईटी: कुणाला द्यावी लागेल आणि अर्ज भरताना काय सांभाळायचं

शिक्षक संघटनेच्या बैठकीत हल्ली चहा येण्याआधी प्रश्न येतो, "सर, मला टीईटी द्यावी लागेल का?" टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. उत्तरासाठी आधी जन्मतारीख बघा.

सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण व्हावी लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिला. त्या दिवशी ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरला होता, ते टीईटीशिवाय सेवा पूर्ण करू शकतात, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेलच. पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांना ती उत्तीर्ण व्हायला दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऑगस्ट 2027 अखेरपर्यंत. जिल्हा परिषदेचे शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतात. त्यामुळे ढोबळमानाने ऑगस्ट 1972 पर्यंत जन्मलेले सुटतात, पुढचे अडकतात. हे सगळं पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी आहे. माध्यमिक शाळेत असाल पण वर्ग पाचवी ते आठवीचे असतील, तर तुम्हीही यात आलात. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे.

आमची मागणी साधी आहे. राज्यात टीईटी सक्तीची झाली ती 13 फेब्रुवारी 2013 च्या शासन निर्णयाने. त्याआधी त्या वेळच्या नियमांप्रमाणे रीतसर निवड होऊन जे लागले, त्यांना आता अपात्र ठरवू नका. दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीईटी वर्षातून किमान एकदा व्हायला हवी. आपल्याकडे नोव्हेंबर 2021 नंतरची परीक्षा थेट नोव्हेंबर 2024 मध्ये झाली. शिक्षकाला दोन वर्षांची मुदत द्यायची, तर परीक्षा वेळेवर घेण्याची जबाबदारीही शासनावर आलीच. हे प्रत्येक निवेदनात ठणकावून लिहा. पण निवेदन दिलं म्हणून अर्ज भरायचा राहू देऊ नका. मागणी मान्य होईल या भरवशावर एक संधी गेली, तर ती परत मिळवून देणं संघटनेच्या हातात नाही.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते आणि अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दोन्हीही देता येतात. प्रत्येक पेपर 150 गुणांचा, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गाला 55 टक्के. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांतला एक गट निवडायचा असतो. भाषा शिक्षकाला यातला कोणताही चालतो, पण गणिताच्या शिक्षकाने सोपा वाटतो म्हणून दुसरा गट घेऊ नये. कितीही वेळा बसता येतं आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केंद्राची अशीच पात्रता परीक्षा, सीटीईटीही आहे, दोन्हीकडे अर्ज करून ठेवा.

कागदपत्रांत दहावी, बारावी, डीएड किंवा बीएड, पदवीधर असल्यास पदवी, लागू असेल तर जातीचा आणि दिव्यांगत्वाचा दाखला, ओळखपत्र, फोटो, सही. शिवाय परीक्षेच्या जाहिरातीतल्या मजकुराप्रमाणे स्वयंघोषणापत्र. या यादीत अवघड काही नाही. घोळ होतो तो नावात.

मागच्या वेळी आमच्या एका ताईंचा अर्ज भरायला बसलो. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, सेवापुस्तकात सासरचं, आणि आधारवर आडनावात एक अक्षर जास्त. प्रमाणपत्र ट्रंकेतून काढलेलं, घडीवर फाटलेलं, स्कॅन केलं तर बैठक क्रमांकच दिसेना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत काढून ठेवा, आधार दुरुस्त करून घ्या. याला महिना सहज जातो.

मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. प्रवर्ग, पेपर आणि भाषा या तीन रकान्यांवरून शुल्क भरण्याआधी शेजारच्या सहकाऱ्याची नजर फिरवून घ्या. नंतर दुरुस्तीला वाव मिळेलच असं धरून चालू नका. भरलेल्या अर्जाची आणि पावतीची प्रत छापून सेवापुस्तकाच्या झेरॉक्ससोबत एकाच फाइलमध्ये लावा.