वॉल्व्हचं लीकेज : खानदेशातल्या जुन्या रेडिओंची पार्श्वभूमी

खानदेशातल्या अनेक गावांत रेडिओ पोचला तो विजेच्या आधी, ड्राय बॅटरीवर. डीके९६, डीएल९६ या जातीचे १.४ व्होल्टचे वॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आणि एचटीसाठी, म्हणजे वॉल्व्हच्या चढ्या दाबासाठी, ९० व्होल्टची बॅटरी. त्या वॉल्व्हमध्ये फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, हाच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग. फ्लेमिंगचा १९०४ चा डायोड आणि डी फॉरेस्टचा १९०६ चा ऑडिऑन याच धाटणीचे होते. हीटर (तापवणारी तार) आणि कॅथोड वेगळे नाहीत, मग त्यांच्यात लीकेज, म्हणजे नको त्या वाटेने वीज झिरपणं, होणार कुठून? तो दोष आला एसी विजेबरोबर.

फिलामेंट एसीवर तापवलं की हम, म्हणजे विजेची घूंघूं, आवाजात शिरतो. त्यावरचा उपाय १९२० च्या दशकाच्या अखेरीस रुळला: निकेलच्या बारीक नळीचा कॅथोड, तिच्या आत टंगस्टनचा हीटर आणि हीटरवर अ‍ॅल्युमिनाचा पांढरा, वीज अडवणारा लेप. सगळी मदार या लेपावर. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो; म्हणून थंड वॉल्व्ह मीटरवर निर्दोष दिसतो आणि सेट पाच-दहा मिनिटं चालल्यावर घुमायला लागतो. थंड वॉल्व्हला मीटर लावून ‘ओके’ म्हणणं म्हणजे तपासणीच नव्हे. हीटर पेटलेला असतानाच मोजलं पाहिजे.

१९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढे वीज गावोगाव पसरत गेली. त्या काळचे बरेच स्वस्त सेट ट्रान्सफॉर्मरविना असत. यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१, यूवाय४१ या पाच वॉल्व्हचे हीटर एका माळेत, प्रत्येकातून १०० मिलिअँपिअर. त्यांचे १४, १२.६, १४, ४५ आणि ३१ व्होल्ट मिळून सुमारे ११७ व्होल्ट. बाकीचा दाब ड्रॉपर रेझिस्टन्स खाणार. माळेच्या मेन्सकडच्या टोकाला हीटर आणि कॅथोड यांच्यात मोठा दाब पडतो, म्हणून आवाजाचा पहिला वॉल्व्ह, यूबीसी४१, चासिसच्या (सेटच्या धातूच्या सांगाड्याच्या) टोकाला ठेवत. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यातले पंप बंद झाले की रात्री व्होल्टेज चढायचं, हीटर जास्त तापायचा आणि कच्चा लेप तेव्हाच बोलायचा. (या सेटची चासिस थेट मेन्सला जोडलेली असते, प्लग उलटा बसला तर तिच्यावर फेज येतो. आधी टेस्टर लावा, मगच हात घाला.)

दुसरं लीकेज ग्रिडचं, म्हणजे वॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीचं. काचेवर आरशासारखा दिसणारा डाग असतो गेटरच्या, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या भागाच्या, बेरियमचा. ते बेरियम आणि कॅथोडवरून उडालेला धातू आतल्या अभ्रकाच्या चकत्यांवर बसतो आणि ग्रिडपर्यंत विजेला वाट तयार होते. म्हणून कारखान्यांनी अभ्रकात खाचा पाडल्या, त्यावर मॅग्नेशियाचा थर दिला. तरीही यूएल४१ या दोषासाठी बदनामच राहिला. सत्तरच्या दशकात जळगावला आकाशवाणी केंद्र येईपर्यंत इथली मदार दूरच्या स्टेशनांवर होती. आयएफच्या (स्टेशनचा सिग्नल मोठा करणाऱ्या मधल्या टप्प्याच्या) वॉल्व्हचा ग्रिड जरा लीक झाला की एव्हीसी, म्हणजे आवाज आपोआप सम राखणारी सोय, बिघडे आणि लांबचं स्टेशनच आधी हरवे.

आणि तरीही माझं ठाम मत आहे की वॉल्व्हवर आलेला बहुतेक आळ कंडेन्सरचा असतो. मेणाचा कागदी कपलिंग कंडेन्सर (एका वॉल्व्हचा आवाज पुढच्याच्या ग्रिडला देणारा, पण डीसी दाब अडवणारा) इथल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत सुकतो, पावसाळ्यात ओल धरतो. त्याचा रेझिस्टन्स २० मेगओमवर आला, मागे १०० व्होल्ट असले आणि ग्रिड रेझिस्टन्स एक मेगओमचा असला, तर ग्रिडवर जवळजवळ ५ व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. वॉल्व्ह उगाच तापतो, आवाज फाटतो. माळेच्या सेटमध्ये वॉल्व्ह काढून तपासता येत नाही, कारण सगळेच हीटर विझतात. कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि सेट चांगला तापू द्या. पॉझिटिव्ह गेलं तर कंडेन्सर बदला. टिकून राहिलं तरच वॉल्व्ह दोषी.

तेव्हाही आधी बाहेरून बघावं. जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचं तूस आणि धूळ पिनांमध्ये साचते, तीत ओल मुरते. पिना आणि सॉकेट स्पिरिटने पुसून वाळवले की असं लीकेज खरोखर जातं. आतलं असेल तर हीटर बंद ठेवून, करंटला आवर घालणारा रेझिस्टन्स लावून काहीशे व्होल्टचा झटका देण्याची जुनी रीत आहे. अभ्रकावरचा पातळ थर त्याने जळतो, पण बरेचदा काही महिन्यांनी पुन्हा जमतो. हीटरचा लेप खचला असेल तर झटक्याने तो परत येत नाही. असा वॉल्व्ह बदलावाच लागतो.