सरकती जाळी (फिरत्या यंत्रभागांचे संगणकीय प्रतिमान)

पाण्यात, हवेत किंवा चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या यंत्रभागाचा संगणकावर अभ्यास करताना त्या भागाभोवतीची गणनजाळीच (गणितासाठी जागेचे लहान तुकडे पाडणारी जाळी) त्याच्याबरोबर टप्प्याटप्प्याने फिरवली जाते. या पद्धतीला सरकत्या जाळीची पद्धत म्हणतात. बोटीचा पंखा, पंप, टर्बाइन, पवनचक्की, ढवळणी यंत्र आणि विजेची मोटर यांच्या अभ्यासात ती वापरतात. अन्सिस फ्लुएंट, स्टार-सीसीएम प्लस, कॉम्सॉल या व्यावसायिक प्रणालींत, तसेच 2004 पासून मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध असलेल्या ओपनफोममध्ये तिची सोय आहे.

प्रवाहाचे गणित सोडवण्यासाठी सगळी जागा लहान लहान सेलमध्ये विभागावी लागते. वस्तू स्थिर असेल तर ही जाळी एकदा विणली की काम भागते. वस्तू थोडीशीच हलत असेल तर सेल ताणून किंवा दाबून निभावता येते. हर्ट, ॲम्सडेन आणि कुक यांनी 1974 साली मांडलेल्या लाग्रांज-ऑयलर मिश्र पद्धतीने (जाळी प्रवाहाबरोबर, स्थिर किंवा हवी तशी हलवू देणाऱ्या पद्धतीने) त्यासाठी पक्का पाया दिला. फिरणाऱ्या पात्याच्या बाबतीत मात्र नुसते ताणणे कामास येत नाही, कारण एक फेरी पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी सेल पिळवटून निकामी होतात. म्हणून जागेचे दोन भाग करतात. पंख्याला वेढणारे एक सिलिंडर कल्पून त्याच्या आतली जाळी अखंड ठोकळ्यासारखी फिरवतात आणि बाहेरची जाळी जागेवर ठेवतात. अक्षाभोवती फिरताना सिलिंडर आपली जागा सोडत नाही, त्यामुळे दोन्ही जाळ्या एकमेकींत न घुसता सीमेवरून सरकत राहतात. आतल्या सेलच्या बाजूंतून होणारे वहन मोजताना पाण्याच्या वेगातून त्या बाजूचा स्वतःचा वेग वजा केला जातो.

या पद्धतीचे खरे मर्म दोन जाळ्यांच्या सीमेवर आहे. तिथे आतले आणि बाहेरचे बिंदू जुळत नाहीत, आणि प्रत्येक टप्प्यावर नव्याने जुळेनासे होतात. म्हणून दर टप्प्याला आतल्या प्रत्येक पृष्ठतुकड्यावर बाहेरचे कोणते तुकडे किती क्षेत्रफळाने येतात हे काढून त्या प्रमाणात भारांक देतात आणि त्यानुसार वस्तुमान व संवेग पलीकडे पोचवतात. ओपनफोम या भारांकांच्या बेरजेची किमान आणि कमाल किंमत गणन चालू असतानाच छापत असते, आणि ती 1 च्या अगदी जवळ असावी लागते. वर्तुळाकार सीमा प्रत्यक्षात सपाट तुकड्यांची बनलेली असते. एका बाजूचे तुकडे बारीक आणि दुसऱ्या बाजूचे जाड असले की मध्ये बारीक फटी राहतात, बेरीज 1 पासून ढळते आणि पाणी हिशेबातून नकळत गळू लागते. सीमेच्या दोन्ही बाजूंचे सेल सारख्या मापाचे ठेवणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. दाबाचे सुंदर रंगीत चित्र पाहण्याआधी हे आकडे पाहण्याची सवय नवशिक्याने लावून घ्यावी, असे या नोंदीत आग्रहाने सांगावेसे वाटते.

सरकती जाळी केव्हा अपरिहार्य ठरते हे मिरकरवाडा, हर्णै किंवा देवगड या कोकणातल्या बंदरांत दिसणाऱ्या ट्रॉलरच्या (जाळे ओढणाऱ्या मासेमारी बोटीच्या) उदाहरणावरून स्पष्ट होते. पंख्याच्या पुढे बोटीचा जाड मागचा भाग असतो आणि मागे अगदी जवळ सुकाणू असते. बोटीआड मंदावलेल्या पाण्यातून प्रत्येक पाते दर फेरीला जाते, तेव्हा त्यावरचा भार क्षणभर बदलतो. चार पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे घेतो असे धरल्यास हे धक्के सेकंदाला 20 वेळा बसतात; शाफ्ट, बेअरिंग आणि बोटीची कंपने यांच्याशी त्यांचा थेट संबंध असतो. जाळी स्थिर ठेवून फिरत्या चौकटीतील कोरिओलिस आणि केंद्रोत्सारी बले समीकरणांत घालण्याची पर्यायी पद्धत पुष्कळ स्वस्त आहे, परंतु ती पंखा एकाच कोनात थिजवून स्थिर उत्तर देते. मोकळ्या पाण्यातील पंख्याचा सरासरी रेटा काढायला ती पुरेशी आहे आणि तिथे सरकत्या जाळीवर वेळ घालवू नये. सुकाणूवरील धक्के मात्र तिला दिसतच नाहीत.

कालटप्पा किती घ्यावा हेही फेऱ्यांवर ठरते. वरच्या पंख्यासाठी दर टप्प्याला 1 अंश घेतल्यास कालटप्पा सुमारे 0.56 मिलिसेकंद येतो आणि एका फेरीला 360 टप्पे लागतात. आरंभीच्या काही फेऱ्यांत प्रवाह स्थिरावलेला नसतो, त्यामुळे त्या वगळून पुढच्या फेऱ्यांची सरासरी घेतात. सिलिंडरबाहेर उरलेला शाफ्टचा भाग जाळीबरोबर फिरत नाही. त्याच्या पृष्ठभागाला फिरण्याचा वेग वेगळा द्यावा लागतो, आणि ही बाब हमखास राहून जाते. पवनचक्कीसारख्या यंत्रात वेग आधी ठाऊक नसेल तर प्रत्येक टप्प्यावर पात्यांवरील टॉर्क (फिरवणारा जोर) आणि त्यांचे जडत्व यांवरून पुढचा कोन काढतात. 1986 साली देशातील आरंभीच्या पवनचक्क्यांपैकी काही रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभारल्या गेल्या होत्या. तशा यंत्राचे पाते मनोऱ्यासमोरून जाताना पडणारा भारातील फरकही याच पद्धतीने काढतात.

बोट लाटांवर डोलते आहे आणि पंखाही फिरतो आहे, अशा दुहेरी हालचालीसाठी आच्छादित जाळी सोयीची पडते. 1980 च्या दशकाच्या आरंभी नासाच्या एम्स केंद्रातील जोसेफ स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. तिच्यात एक जाळी दुसरीवर मोकळेपणाने ठेवून, झाकलेले सेल गाळून, उरलेल्यांत मूल्यांची देवाणघेवाण करतात. वस्तुमानाचा हिशेब मात्र अधिक काळजीने तपासावा लागतो. सह्याद्री उतरून आलेल्या कोयनेच्या पाण्यावर पोफळीत चालणाऱ्या पेल्टन टर्बाइनमध्ये पाण्याची धार हवेतून येऊन वाट्यांवर आदळते, त्यामुळे अशा यंत्राला हवा-पाण्याच्या सीमेचा मागही जोडीने ठेवावा लागतो.

कोळंबीच्या तळ्यांतील एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) चाकालाही हवा-पाण्याच्या सीमेचा हाच नियम लागू आहे, पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. पाते पाण्यावर आपटते ते मिलिसेकंदांत, आणि तळ्यातले पाणी फिरून ऑक्सिजन सर्वत्र पोचायला लागतो बराच वेळ. दोन्ही एकाच गणनात बसवणे परवडत नाही. म्हणून एका चाकाचे प्रतिमान सरकत्या किंवा आच्छादित जाळीने करून त्याचा सरासरी रेटा काढतात, आणि संपूर्ण तळ्याच्या जाळीत चाकाच्या जागी तेवढेच बल देऊन पुढचा प्रवाह सोडवतात.