फ्रेम रिले आणि डिजिटल लाइन : राउटर-मोडेमची जुळणी

भाड्याच्या डिजिटल लाइनवरून दूरदूरची कार्यालये जोडण्याची पद्धत म्हणजे फ्रेम रिले. प्रत्येक दोन गावांसाठी वेगळी लीज लाइन घ्यावी लागत नाही. टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत एकच लाइन येते आणि तिच्यावर अनेक कायम आभासी मार्ग, म्हणजे पीव्हीसी, चालतात. पुढे एमपीएलएस या नव्या पद्धतीने तिची जागा घेतली.

जुळणी तळापासून वर करत जावी. लोक उलट करतात, म्हणून दिवस जातो. एक्स्चेंजकडून तांब्याची जोडी मोडेमला येते, मोडेममधून ३४ पिनांची व्ही-३५ केबल राउटरला जाते. क्लॉक, म्हणजे बिटांची लय ठरवणारा संकेत, मोडेमने द्यायचे, राउटरने घ्यायचे. दोघेही देऊ लागले की लिंक चालू दिसते आणि चुकांचा आकडा चढत राहतो. भारतातली ई-१ लाइन २.०४८ एमबीपीएसची, ६४ केबीपीएसच्या ३२ टाइमस्लॉटची, म्हणजे वेळेच्या ३२ वाट्यांची. शून्याव्या स्लॉटवर फ्रेमचा ताळमेळ असतो. २५६ केबीपीएस हवे तर चार स्लॉट लागतात. पण एका टोकाला १ ते ४ आणि दुसऱ्याला २ ते ५ टाकले, तर ई-१ निरोगी दिसते आणि डेटा मात्र पोहोचत नाही. अशा वेळी मोडेमवर लूप टाकून पाहावे : टाकलेले जसेच्या तसे परत आले, तर तिथपर्यंतची तार आणि केबल ठीक.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट तळाशी येते, ती म्हणजे अर्थिंग. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात तेव्हा पाणी ओतत राहावे लागते. टँकरच्या गावात हे सांगायला जरा अवघडच. आणि अवकाळीच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात, जेव्हा अर्थिंग सगळ्यात कमजोर असते. मोडेम आणि राउटर दोन वेगळ्या अर्थिंगवर असले, तर वीज व्ही-३५ केबलमधूनच वाट काढते. दोन्ही एकाच अर्थिंगवर घ्यावेत.

तार ठीक असूनही राउटरवर ‘सिरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाऊन’ (तार चालू, पण संवाद बंद) दिसले, तर संशय एलएमआयवर घ्यावा. राउटर आणि एक्स्चेंजचा स्विच यांच्यातली ही विचारपूस. राउटर साधारणतः दर १० सेकंदांनी ‘आहात ना?’ विचारतो आणि सहाव्या खेपेला सगळ्या पीव्हीसींची यादी मागतो. १९९० मध्ये सिस्को, डिजिटल, स्ट्रॅटाकॉम आणि नॉर्दर्न टेलिकॉम या कंपन्यांनी तिची पहिली तऱ्हा ठरवली. नंतर ॲन्सी या अमेरिकी मानकसंस्थेची आणि क्यू-९३३-ए ही आंतरराष्ट्रीय, अशा आणखी दोन आल्या. दोन्ही बाजूंना तऱ्हा एकच हवी.

पीव्हीसीचा क्रमांक म्हणजे डीएलसीआय. तो फक्त आपल्या टोकापुरता खरा असतो. समजा, छत्रपती संभाजीनगरच्या राउटरवर लातूर १०२ आहे. लातूरच्या राउटरवर तोच मार्ग २०१ असू शकतो. ग्राहकाने क्रमांक मनाने टाकायचे नसतात, एक्स्चेंजने दिलेलेच टाकायचे. पीव्हीसी ‘डिलीटेड’ दिसला तर तो क्रमांक स्विचला माहीतच नाही. ‘इनॲक्टिव्ह’ दिसला तर दोष बहुधा पलीकडे आहे. इथला मोडेम उगाच बंद-चालू करू नये.

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची ठिकाणे एकमेकांशी थेट जोडायची तर २८ पीव्हीसी लागतात. संभाजीनगर केंद्र धरले तर ७ पुरतात. काटकसर ही दुसरी रचनाच करायला लावते, पण मग नांदेडचे डेटाचे पाकीट शेजारच्या हिंगोलीला संभाजीनगरमार्गे जाते. शिवाय ज्या इंटरफेसवरून (राउटरच्या जोडणीच्या तोंडावरून) मार्गाची बातमी आली, त्यावरूनच ती परत न पाठवण्याचा राउटरचा नियम आडवा येतो, आणि हिंगोलीला नांदेड दिसतच नाही. त्यासाठी केंद्रावर प्रत्येक पीव्हीसीला वेगळा सब-इंटरफेस, म्हणजे त्याच इंटरफेसचा आभासी भाग, द्यावा. दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर असतील, तर एन्कॅप्सुलेशन, म्हणजे पाकीट फ्रेममध्ये गुंडाळण्याची पद्धत, आयईटीएफ या इंटरनेट मानकसंस्थेची ठेवावी. सिस्कोची मूळ पद्धत इतरांना सहसा कळत नाही.

सीआयआर हा हमीचा वेग. ६४ केबीपीएस सीआयआर आणि १२५ मिलिसेकंदांचा टप्पा धरला, तर एका टप्प्यात ८,००० बिट हमीने जातात. वरचे जातात, पण त्यांवर ‘टाकून दिले तरी चालेल’ अशी डीईची खूण बसते, आणि गर्दीत पहिला बळी त्यांचाच.