डिस्चार्ज बुकातला अपुरा रकाना: कोकणातल्या फौजींच्या राहून गेलेल्या पदकांची पार्श्वभूमी

पलटणीतून सुटणाऱ्या जवानाला एक डिस्चार्ज बुक मिळते. त्यात नंबर, हुद्दा, भरतीची आणि सुटण्याची तारीख, वर्तणुकीचा शेरा आणि मिळालेली पदके लिहिलेली असतात. मंडणगड-खेडपासून सावंतवाडीपर्यंत, महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून, अशी पुस्तके ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली आहेत. त्यांतल्या अनेकांत पदकांचा रकाना अपुरा असतो. १९६५ किंवा १९७१ साली जो माणूस सीमेवर होता, त्याच्या पुस्तकात त्या युद्धाचा मागमूसही नसतो. मग गावात, कधी कधी घरातही, बोलले जाते की याने लढाई पाहिलीच नसावी. हा त्या माणसावर अन्याय आहे. बहुतेक वेळा लढाई खरी असते आणि नोंदच तिथवर पोहोचलेली नसते.

असे होण्याचे सर्वांत मोठे कारण तारखांत आहे. लढाई आधी होते आणि तिचे पदक मागाहून जाहीर होते. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ देण्यात आले, त्यावर ‘जम्मू-काश्मीर’ अशी पट्टी असते. पण ते पदक सुरू झाले १९५० साली. १९६५ च्या युद्धाचे समर सेवा तारा आणि रक्षा पदक १९६७ साली आले. १९७१ चे पूर्वी तारा, पश्चिमी तारा आणि संग्राम पदक हेही युद्ध थांबल्यावरच ठरले. दुसऱ्या महायुद्धाचे वॉर मेडल ऑगस्ट १९४५ मध्ये आणि हिंदी सैनिकांसाठीचे इंडिया सर्व्हिस मेडल १९४६ मध्ये जाहीर झाले, आणि नेमक्या त्याच काळात फौज कमी करण्याचे काम धडाक्याने चालू होते. हजारो माणसे हिशेब चुकता करून घरी निघाली होती. पदक जाहीर होण्याआधी जो सुटला, त्याचे पुस्तक तोवर बंद झालेले असे. पुढे पदक मंजूर झाले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचवायचे तर पलटणीने यादी करायची, रेकॉर्ड ऑफिसने पत्ता शोधायचा आणि टपाल डोंगरातल्या वाडीपर्यंत यायचे. माणूस दरम्यान मुंबईला गिरणीत किंवा गोदीत लागलेला असला, तर टपाल तसेच परत जाई.

पदकांचे दोन प्रकार इथे वेगळे ठेवायला हवेत, कारण अर्ज करताना घरचे लोक नेमके हेच एकत्र करतात. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक हे शौर्याचे सन्मान. त्यांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते आणि त्यांच्यासोबत दरमहा भत्ता येतो. ऑगस्ट २०१७ पासून वीर चक्राला तो ७,००० रुपये झाला. राजपत्रात नाव नसेल तर नुसत्या नोंददुरुस्तीने असा सन्मान मिळत नाही, मग प्रसंग कितीही खरा असो. सेवापदकांचे तसे नाही. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या भागात नोकरी केली की ते पदक हक्काचे होते. त्यात कोणी शिफारस करावी लागत नाही आणि पैसाही नाही. म्हणूनच त्यांची हेळसांड झाली, कारण ज्यामागे पैसा नाही त्याचा पाठपुरावा करायला कोणी जात नाही. आणि दुरुस्त होण्याजोगी चूक नेमकी याच पदकांत असते.

कोकणाचा आणि फौजी नोंदींचा संबंध फार जुना आहे. दापोली ही इंग्रजी अमदानीत छावणीची जागा होती. पुढे तिथे पेन्शनी शिपायांची वस्ती वाढली आणि आजही लोक तिला कॅम्प दापोली म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, आणि निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीत राहिले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त फौजी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा वलंगकरांनी १८९४ साली मुंबई फौजेच्या सरसेनापतीसाठी अर्ज तयार केला. त्यात आधार घेतला होता तो पूर्वजांनी कंपनीच्या फौजेत केलेल्या नोकरीचा. हा अर्ज मला फार महत्त्वाचा वाटतो. केलेली चाकरी लिहून मांडायची आणि सरकारला तिच्यावर उत्तर द्यायला लावायचे, ही रीत कोकणातल्या फौजींनी तेव्हापासून धरली आहे. भरती पुन्हा सुरू व्हायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले. १९१७ साली १११ महार्स ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावला. १११ महार्स ही पलटणच मोडली गेली, तेव्हा तिच्या माणसांच्या नावाने पुढे पत्रव्यवहार करणारे कोणी उरले नाही.

मराठा पलटणींतही कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला ते ठाणे तुर्कांच्या हाती पडले आणि सगळे कैद झाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी, माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांनी जवळजवळ एकट्याने शत्रूचा मशीनगनचा मोर्चा मारला आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या पलटणीतून जिवंत परतलेल्यांचा हक्क इटली स्टारवर होता, म्हणजे सेवापदकावर. पुतळ्याखाली हार घालताना त्यांचीही आठवण व्हावी असे मला वाटते. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे या गावाच्या नावातच फौज आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेल्या शिळा आहेत; गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच त्यांवर मजकूर. आकडा आहे, नावे नाहीत. आज एखाद्या घराने पणजोबांचे पदक शोधायला घेतले तर ती शिळा साक्ष देते, पण कोणाची ते सांगत नाही.

समुद्रावरच्या नोकरीचे कागद वेगळ्या वाटेने गेले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान, भंडारी आणि कोळी तरुण पूर्वीपासून आरमारी आणि व्यापारी जहाजांवर जात. रॉयल इंडियन मरीनचे १९३४ साली रॉयल इंडियन नेव्ही झाले. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मग १९४६ चे नौसैनिकांचे बंड आले. १८ फेब्रुवारीला मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या तळावर त्याची सुरुवात झाली आणि शेकडो नौसैनिकांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या नोकरीच्या कागदावर शेवटचा शेरा बडतर्फीचा पडला. पुढे स्वतंत्र भारताने त्या बंडाला स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानले. शेरा लिहिणारे सरकार आणि मान देणारे सरकार वेगळे होते; घरच्यांना मात्र दोन्ही कागद एकाच फडक्यात बांधून ठेवावे लागले. १९७१ च्या नौसैनिकांचे प्रश्न साधे आहेत. ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या काळात नौसैनिकांच्या बदल्या, त्यांच्या भाषेत ड्राफ्ट, एका जहाजावरून दुसऱ्यावर सारख्या होत. त्या तारखेला माणूस कोणत्या जहाजाच्या यादीत होता यावर पदक ठरे, आणि ड्राफ्टच्या मधल्या दिवसांत तो कोणाच्याच यादीत नीट बसत नसे.

भूदलात नोंद चढते ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवेतल्या नोंदींसाठी निघणाऱ्या लेखी हुकमाने. पलटणीचा क्लार्क हक्कदारांची यादी करतो, रेकॉर्ड ऑफिस ती तपासते, मंजुरी आली की पार्ट टू ऑर्डर निघते, तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, आणि मग डिस्चार्ज बुकात नोंद होते. यांतली एक कडी सुटली तरी पदकाचा हक्क जात नाही, फक्त तो दिसेनासा होतो. कडी सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. युद्धाच्या वेळी माणूस दुसऱ्या युनिटला अटॅच असला, तर मूळ युनिट समजते तिकडून नाव जाईल आणि तिकडचे समजतात मूळ युनिट पाठवेल. युद्धाच्या निकडीत रिझर्व्हमधून परत बोलावलेले शिपाई थोड्या महिन्यांसाठी येत आणि यादी व्हायच्या आत घरी जात. कोणी इस्पितळात असे, कोणी सुटीवर.

कोकणात यात नावा-गावाची भर पडते. भरतीच्या वेळी कोणी आडनाव न सांगता आपले आणि वडिलांचे नाव सांगितले, कोणी गावावरून आडनाव घेतले, आणि कारकुनाने ते इंग्रजीत कानाला आले तसे लिहिले. नंतर जिल्हेच बदलले. १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले आणि त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे १९७१ च्या कणकवलीच्या जवानाच्या पुस्तकात जिल्हा रत्नागिरी आहे आणि आधार कार्डावर सिंधुदुर्ग. महाडचा माणूस पुस्तकात कुलाब्याचा आहे. परप्रांतातल्या कार्यालयात बसलेल्या लिपिकाला हे दोन वेगळे पत्ते वाटले तर त्याला दोष देता येत नाही. अर्जासोबत जिल्हा बदलल्याचा एक स्पष्ट उल्लेख आणि नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडले की ही अडचण सुटू शकते, पण हे अगोदर कोणी सांगत नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट कागद नष्ट होण्याची. सैन्याच्या नियमांनुसार पेन्शन न मिळालेल्या जवानांची सेवा-कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. पेन्शनवाल्यांची अधिक काळ राहतात. म्हणजे १९७३ साली पेन्शनविना सुटलेल्या शिपायाचा शीट रोल १९९८ नंतर शोधून सापडायचा नाही. ज्याच्यापर्यंत पदक पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी, तो हाच अल्प नोकरीचा माणूस, आणि आधी जातात ते याचेच कागद. हा नियम मला सलतो. घरच्या प्रतींची अवस्था काय असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दमट हवा, वाळवी, जून २०२० मधले निसर्ग वादळ, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडात शिरलेले पुराचे पाणी. अनेकांकडचा एकुलता एक पुरावा त्या पाण्यात गेला.

तरीही काहीतरी उरते. रेकॉर्ड ऑफिसात लाँग रोल नावाची नोंदवही राहते. तिच्यात नंबर, नाव, भरतीची आणि सुटण्याची तारीख असे मोजके तपशील असतात. पलटणीच्या युद्धडायऱ्या संरक्षण खात्याकडे असतात. माणूस अमुक तारखेला अमुक युनिटात होता हे लाँग रोल आणि इतर कागदांवरून दाखवता आले, आणि ते युनिट त्या तारखेला युद्धक्षेत्रात होते हे डायरीवरून दाखवता आले, तर दोन्ही जोडून हक्क मांडता येतो. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर करावे लागले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि सैनिकांच्या सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. तेव्हापासून तिथे पगारपत्रके आणि युनिटचे दैनिक अहवाल जुळवून नोंदी पुन्हा उभ्या केल्या जातात. नोंदी दुरुस्त करण्यासाठी तिथे १९४६ च्या कायद्यापासून स्वतंत्र मंडळे आहेत. त्याआधी एकेका सैनिकासाठी संसदेत वेगळे विधेयक आणावे लागे. आपल्याकडे फक्त नोंददुरुस्तीसाठी असे मंडळ नाही. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे जातो, आणि शेवटी दाद मागायची ती सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे. त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झाले २००९ मध्ये, आणि मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिथे जावे लागते, म्हणून नकाराचे पत्र आले की त्यावरची तारीख जपावी.

अर्ज पोहोचायला हवा तो ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, ज्यांना जुने लोक अजून सोल्जर बोर्ड म्हणतात, तो अर्ज पुढे पाठवतात. अर्जात ‘पदक मिळावे’ असे मोघम लिहू नये. कोणते पदक, कोणत्या मुदतीसाठी, त्या वेळी युनिट कोणते आणि कुठे, हे लिहावे, आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची प्रत जोडावी. पदक कधी दिलेच गेले नाही की दिलेले हरवले, हेही आधी ठरवावे, कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. फाइलमध्ये आज नेमके काय उरले आहे हे माहिती अधिकारात आधी विचारले तर पुढचा पत्रव्यवहार पुष्कळ वाचतो.

१९७१ साली विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. त्याच्यासोबत त्या मोर्च्यावर असलेले आणि ‘हा आमच्याबरोबर होता’ असे प्रतिज्ञापत्र देऊ शकणारे सोबतीही त्याच वयाचे आहेत. पेन्शनवाल्यांच्या नोंदी आता स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर आल्या आहेत, आणि जुन्या पुस्तकातली चूक तिथे तशीच उतरलेली असू शकते. वर्षाचा हयातीचा दाखला देताना नाव, युनिट आणि तारखा एकदा ताडून पाहाव्यात. अर्ज घरच्यांनी लिहिला तरी चालेल. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे मात्र आधी घ्यावीत, कागद नंतरही मागवता येतील.