जुन्या जीपच्या दोन दांड्या: फोर व्हील वेगळं, लो वेगळा

तात्यांची जीप दारात आली तेव्हा तिच्यात तीन दांड्या होत्या. मोठी गिअरची, ती कुणालाही कळते. शेजारच्या दोन छोट्यांपैकी एकीचा वरचा गोळा गेलेला, दुसरीला तात्यांनी सुतळी गुंडाळलेली. आमच्याकडे या दोन्हींना मिळून सरसकट 'फोर बाय फोर' म्हणतात. मीही तसंच समजत होतो, आणि त्यापायी पहिल्याच पावसाळ्यात गाडी काळ्या रानात अॅक्सलपर्यंत रुतवली.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. 1972 च्या दुष्काळानंतर त्यांनी ही जीप जुन्यात घेतली. केज तालुक्यातल्या आमच्या शेतावर तिने पाण्याचे पिंप वाहिले, पेंड आणली, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या. शेवटची काही वर्षं ती गोठ्याशेजारी कडब्याआड उभी होती. तात्या गेल्यावर चुलत बहिणी म्हणाल्या, "दादा, तूच ने. भंगारात नको."

गाडी उंच बॉनेटची, सीजे-3बी. विलीज कंपनीने हा नमुना 1953 मध्ये आणला. त्यातल्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. महिंद्राने हीच गाडी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, त्यामुळे मराठवाड्यात अजूनही एखाद्या वाड्याच्या पडवीत ती दिसते.

आता त्या दोन दांड्या. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणारी पेटी, आणि दोन्ही दांड्या तिच्यातच उतरतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. एक दांडी पुढचा अॅक्सल जोडते किंवा सोडते. ते फोर व्हील. दुसरी दांडी हाय आणि लो बदलते, मध्ये न्यूट्रल. पहिलीने पकड मिळते, दुसरीने ओढ.

पकड म्हणजे काय, ते चिखलात कळतं. मागची दोन चाकं घसरायला लागली की पुढचीही कामाला लावायची, एवढाच फोर व्हीलचा अर्थ. त्याने इंजिनाचा जोर तसूभर वाढत नाही. आणि चारही चाकं ओढतातच असंही नाही. दोन्ही अॅक्सलमध्ये साधं डिफरन्शियल असतं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर. ते ज्या चाकाला विरोध कमी त्याला फिरवतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक निसरड्यावर आलं तर ती दोनच गरगर फिरतात, गाडी जागेवर.

लो पकडीला हात लावत नाही. इंजिनाची ताकद तेवढीच राहते, फक्त वेग देऊन ओढ घ्यायची. या ट्रान्सफर केसमध्ये लोचं प्रमाण जवळपास अडीच. तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर सुमारे 2.8, अॅक्सलचं प्रमाण 5.38. हायमध्ये, पहिल्या गिअरला, इंजिन 15 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. लोमध्ये 37 वेळा. हजार आरपीएमवर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने चालते, म्हणजे बैलाच्या चालीने. बालाघाटातला दगडी उतार असा उतरावा. ब्रेक तापत नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

माझी चूक इथे झाली. जुलैत तुरीच्या कडेने जाताना मागची चाकं घसरली. मी लो टाकला, पहिला गिअर घातला आणि अॅक्सिलरेटर दाबला. मला हवी होती पकड, मागितली ओढ. चाकाला इतका जोर मिळाला की ते जागच्या जागी खणत गेलं. टायरच्या खाचा मातीने भरल्या, टायर नारळासारखा गुळगुळीत झाला. काळ्या मातीत फोर व्हील लावून, दुसऱ्या गिअरला, चाक न गरगरवता हळूहळू निघायचं असतं.

त्यावर तुम्ही विचाराल, पुढचा अॅक्सल न जोडता नुसता लो पडलाच कसा? आमच्या गावाजवळच्या चाचांनीही नेमकं हेच विचारलं. ते चाळीस वर्षं जीपा खोलतात. खाली वाकून त्यांनी दांड्या हलवल्या आणि म्हणाले, "बेटा, गोळी गेली हिची."

ट्रान्सफर केसमध्ये दोन दांड्यांच्या दोन रॉडमध्ये शेंगदाण्याएवढी लोखंडी गोळी बसते. पुढचा अॅक्सल जोडलेला नसेल तर ती लोच्या रॉडला सरकू देत नाही. कारण सरळ आहे. 37 पट झालेली ओढ एकट्या मागच्या अॅक्सलवर आली तर शाफ्ट पिळतो, नाहीतर चाकाचा हब शाफ्टला अडकवणारी चावी तुटते. केस खोलताना ही गोळी घरंगळते आणि बरेच जण ती परत बसवत नाहीत. 'टू व्हीललाही लो मिळतो' म्हणून कुणी मुद्दामही काढतात. मी तरी काढणार नाही. चाचांनी डब्यातून एक जुनी गोळी शोधली, बोटावर ग्रीस घेतलं आणि ती आत चिकटवली.

फोर व्हीलचा धोका वेगळा आहे, तो डांबरी रस्त्यावर दिसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होतं, दांडी निघता निघत नाही. तेव्हा मारझोड करू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटते. चिखलात चाकं घसरून पीळ आपोआप निघतो. हाय-लोला असला ताण नाही, पण ती दांडी गाडी थांबवून किंवा अगदी मंद करून टाकावी लागते. फोर व्हील सरळ चालताना टाकता येतं.

आमच्या जीपची फोर व्हीलची दांडी मात्र सरळ रस्त्यावरही अडकायची. म्हणून पुढच्या-मागच्या अॅक्सलचं प्रमाण एकच आहे का ते बघायला चाचांनी खडू घेतला. हँडब्रेक सोडला, कारण तो ट्रान्सफर केसमधून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टलाच धरतो. बाकी चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाकावर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. एकच चाक मोकळं होतं, म्हणून मी ते दोनदा फिरवलं, चाचा शाफ्टचे फेरे मोजत होते. पाच पुरेही झाले नाहीत. पुढच्या अॅक्सलला तेच केलं, तिथे पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. म्हणजे पुढे 5.38, मागे 4.88. आधीच्या एका गॅरेजने मागे दुसऱ्याच जीपचं डिफरन्शियल बसवलं होतं आणि सांगितलंही नव्हतं. पुढची चाकं शंभर फूट गेली की मागची एकशेदहा जायला बघायची. टू व्हीलमध्ये हे कधीच कळलं नसतं.

रंग अजून दिलेला नाही. मागच्या डिफरन्शियलसाठी 43 दातांचा क्राऊन (मोठं चक्र) आणि 8 दातांचा पिनियन (छोटं चक्र), म्हणजे 5.38 चा जोड, मिळाला की आधी तो बसवायचा. ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील गळतं, तेल हँडब्रेकच्या ड्रमवर उतरतं, तेही त्याच खेपेला बदलायचं. सुतळी गुंडाळलेली दांडी लोची निघाली. गोळा दुसरीलाच आणला आहे, सुतळी तशीच ठेवली.