बोलभाषा

बोलभाषा : तोंडाने उच्चारली जाणारी आणि कानाने ऐकली जाणारी भाषा. फुप्फुसांतून बाहेर येणारा श्वास, स्वरयंत्रातील स्वरतंतूंचे कंपन आणि जीभ, टाळू, दात, ओठ यांच्या हालचाली यांतून तिचे ध्वनी घडतात. लेखी भाषा आणि बधिर समाजांच्या खुणांच्या भाषा यांच्यापासून ती या माध्यमामुळे वेगळी ठरते. प्रदेशागणिक आणि समाजागणिक बदलणारी बोली हा निराळा विषय आहे. प्रमाणभाषाही बोलली जाते तेव्हा बोलभाषाच असते.

लेखन सुमारे ५,००० वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात आकाराला आले. बोलणे त्याहून कितीतरी जुने आहे. आज जगात सुमारे ७,००० भाषा आहेत आणि त्यांतील पुष्कळ भाषांत लिहिण्याची रूढ पद्धतच नाही. मूल कोणी न शिकवता बोलू लागते, लिहायला मात्र त्याला बसवून शिकवावे लागते. त्यामुळे फेर्दिनां द सोस्यूर, लेनर्ड ब्लूमफील्ड यांच्यासारख्या विसाव्या शतकातील भाषावैज्ञानिकांनी अभ्यासात बोलण्याला अग्रस्थान दिले. तरीही व्याकरण, कोश आणि परीक्षा यांचा सारा डोलारा लेखनावरच उभा राहिला, आणि बोलणे ही लेखनाची ढिसाळ आवृत्ती आहे असा समज पसरला. अर्धवट वाक्ये, ‘अं’, ‘म्हणजे’, मध्येच बदललेली रचना ही त्या ढिसाळपणाची खूण मानली जाते. प्रत्यक्षात समोरच्या माणसाबरोबर, चालत्या वेळात अर्थ जुळवण्याची ती साधने आहेत.

बोललेल्या वाक्याचा अर्थ केवळ शब्दांत नसतो. ‘तू येणार’ हे तीन सुरांत म्हटले की विधान, प्रश्न आणि हुकूम अशी तीन वाक्ये होतात. ‘आलास वेळेवर!’ हे कौतुक की टोमणा, हे सूर आणि घड्याळ मिळून ठरवतात. ‘मी त्याला सांगितलं’ यात जोर ‘मी’वर दिला तर सांगणारा महत्त्वाचा ठरतो, ‘त्याला’वर दिला तर ऐकणारा. लेखनात हे काम विरामचिन्हे थोडेफार करतात, पण उपरोधासाठी चिन्ह नाही. ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘बरं का’ असे छोटे शब्द कोशात दोन ओळींत आटोपतात. बोलण्यात मात्र विनवणी, आठवण, तंबी आणि जवळीक यांचा भार तेच वाहतात. ‘चल’ आणि ‘चल ना’ यांत कृती एकच सांगितलेली असते, नाते वेगळे असते. शिवाय ‘तो तिकडे ठेव’ अशा वाक्यातील ‘तो’ कोण आणि ‘तिकडे’ कुठे हे हात, नजर आणि समोरचे दृश्य सांगते. पानावर उतरवल्यावर ते वाक्य अपुरे वाटते, बोलले तेव्हा ते पूर्ण होते.

संभाषणातील पाळी हा बोलभाषेचा कदाचित सर्वांत विलक्षण भाग आहे. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या संभाषणाच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवले, की बहुतेक वेळ एकच जण बोलतो आणि पाळी अगदी थोड्या अंतराने किंवा थोड्याशा सरमिसळीने दुसऱ्याकडे जाते. पुढे २००९ मध्ये दहा भाषांतील होय-नाही प्रश्नांची तुलना झाली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतील सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद निघाले. जपानी भाषक त्याहून झटपट आणि डॅनिश भाषक सावकाश होते, पण फरक सेकंदाच्या अंशांतलेच. चित्र पाहून एका शब्दाचे नाव उच्चारायला मात्र माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच ऐकणारा त्याचा शेवट ओळखून उत्तर जुळवू लागलेला असतो. याच घाईमुळे नेहमीपेक्षा लांबलेली शांतता अर्थपूर्ण होते: आमंत्रणानंतर क्षणभर गप्प राहिलेला माणूस बहुधा नकार देणार, हे शब्द येण्यापूर्वीच कळते. ‘अं’ ही पाळी सोडलेली नाही याची खूण असते.

ऐकणाराही निष्क्रिय नसतो. ‘हं’, ‘हो का’, ‘मग?’ असे हुंकार बंद झाले की सांगणारा अडखळतो. ऐकू आले नाही किंवा समजले नाही तर ‘काय?’ असे विचारून दुरुस्ती मागितली जाते. बारा भाषांतील संभाषणांच्या २०१५ मधील अभ्यासात अशी विचारणा सरासरी दर १.४ मिनिटांनी आढळली. वेगाबाबतही भाषा एका पातळीवर येतात. सतरा भाषांवरील २०१९ च्या अभ्यासानुसार काही भाषांत अक्षरे भराभर येतात पण प्रत्येकातील माहिती कमी असते, काहींत याउलट. एकूण माहितीचा वेग सेकंदाला सुमारे ३९ बिटांच्या (बिट हे माहिती मोजण्याचे एकक) आसपास राहतो.

माहिती देणे हा बोलण्याचा एक उपयोग आहे, आणि रोजच्या व्यवहारात तो फार मोठा नसावा. ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये, केवळ संबंध टिकवण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले. ‘काय, कसं काय?’ याला प्रकृतीचा सविस्तर अहवाल हे उत्तर नसते. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ च्या हार्वर्डमधील व्याख्यानांत (ती १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली) आणखी पुढची गोष्ट मांडली: वचन देणे, माफी मागणे, पैज लावणे ही कामे बोलूनच होतात. ‘मी वचन देतो’ हे वचनाचे वर्णन नसून वचनच आहे. ‘खूप उकडतंय’ असे म्हणून खिडकी उघडायला लावणे हाही याचाच आडवळणी प्रकार.

मूल भाषा उचलते तीही अशा देवघेवीतून. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मँडरिन ही चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींशी प्रत्यक्ष खेळलेली बालके त्या भाषेतील ध्वनींचे भेद ओळखू लागली. तेच बोलणे चित्रफितीवर पाहिलेल्यांना ते जमले नाही.

बोललेले हवेत विरते, म्हणून ते टिकत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. वेदांचे पाठांतर पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा, शब्द सुटे करून किंवा पुढेमागे फिरवून म्हणण्याच्या रचनांनी बांधून अक्षरन् अक्षर राखले गेले. याउलट मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील ज्या गायकांची वीरगीते ध्वनिमुद्रित केली, ते ठरावीक पदबंधांच्या आधारे गीत दर वेळी नव्याने रचत. मौखिक परंपरा म्हटली की यांतील फक्त दुसऱ्या प्रकाराची कल्पना केली जाते, हे पहिल्यावर अन्यायकारक आहे.

बोलणे जसेच्या तसे राखण्याचे यांत्रिक साधन एडिसनच्या फोनोग्राफने १८७७ मध्ये दिले. कागदावर उतरवणे मात्र अजूनही किचकटच आहे. मराठी लिपी ‘चमचा’तील आणि ‘चार’मधील ‘च’ एकाच अक्षराने दाखवते, आणि प्रमाणलेखनातील ‘असे केले’ तोंडी ‘असं केलं’ होते. संभाषणाचे अभ्यासक विराम, श्वास आणि एकमेकांवर चढलेले शब्द टिपण्यासाठी जेफरसन यांची चिन्हपद्धती वापरतात. काही मिनिटांच्या बोलण्याला त्यात कित्येक तास जातात. १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या इंग्रजी भाषेच्या नमुन्यांच्या संग्रहात बोललेल्या इंग्रजीचा वाटा सुमारे एक दशांश इतकाच असण्यामागे हेही एक कारण आहे.