पार्श्वभूमी: खात्मा, खारिजी आणि ‘खोटी केस’

पुण्याच्या मावसभावाला मी एकदा फोनवर म्हणालो, “त्या केसमध्ये राजीनामा झाला.” त्याने विचारले, “कुणी दिला? फौजदाराने?” ग्वाल्हेरच्या कोर्टात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांतला समेट. नोकरी सोडणारा देतो तो इस्तीफा. ग्वाल्हेरातल्या लश्कर भागातली मराठी माणसे घरात एक भाषा बोलतात आणि कचेरीत दुसरी, त्यामुळे असले घोटाळे रोजचेच. बहुतेक हसण्यावारी जातात. ‘खोटी केस’ हा शब्द मात्र तसा जात नाही.

जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण झाल्याची तक्रार होते, काही महिन्यांनी प्रकरण बंद होते, आणि मग गणपतीच्या मंडपात, सराफ्यातल्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत तेच एक वाक्य ऐकू येते: “खोटी निघाली बरं का.” एका बाजूला ते ऐकून हायसे वाटते, दुसऱ्या बाजूला ते तोंडात मारल्यासारखे लागते. २०१८ च्या एप्रिलमध्ये या शहरात जो हिंसाचार झाला त्याच्या मुळाशी हेच वाक्य होते, फक्त तेव्हा ते दिल्लीहून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आले होते.

फार मागे जाण्याचे कारण नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला, त्या छावणीचे लश्कर झाले, आणि सरदार-दरकदारांच्या नावाने गोठी, म्हणजे वस्त्या, वसल्या. चिटणीसांची गोठ अजून त्याच नावाने ओळखली जाते. कोणी कुठे राहायचे आणि कोणत्या विहिरीवर जायचे हे त्या वस्तीतच ठरून गेले होते. तक्रार करायला जागाच नव्हती, मग ती खरी की खोटी हा प्रश्नही नव्हता. तो प्रश्न आला १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानंतर, आणि खऱ्या अर्थाने १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानंतर, जो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. महाराष्ट्रात त्याला ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात. आमच्याकडे अजूनही लोक ‘हरिजन ॲक्ट’ म्हणतात. या कायद्याचे ते नाव कधीच नव्हते आणि तो शब्द सरकारी कागदांतून केव्हाच गेला, तरी महाराज बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, तोच चालतो. यावरूनही बोलणारा कुठे उभा आहे ते कळते.

या कायद्याच्या १८ व्या कलमाने अटकपूर्व जामिनाची वाट बंद केली. लश्करच्या मराठी घरांत एके काळी निम्मी माणसे सरकारी नोकरीत होती, आणि सरकारी नोकराला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन ठरलेले. खटला दहा वर्षांनी सुटो, शेजाऱ्यांना निलंबन दुसऱ्याच दिवशी कळते. ही भीती खरी आहे आणि ती केवळ जातीच्या अहंकारातून येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा भीतीत जगलेला माणूस ‘खोटी’ हा शब्द कानावर पडला की तो घट्ट धरून ठेवतो, मग तो कागदावर असो वा नसो.

कागदावर तो शब्द बहुधा नसतोच. मध्य प्रदेशात पोलीस तपास बंद करतात तेव्हा दोन वाटा असतात. घटना घडली असावी, पण आरोपी सापडत नाही किंवा कोर्टात टिकेल असा पुरावा नाही, तर ‘खात्मा’. गुन्हा घडलाच नाही, तक्रार खोटी आहे, किंवा वस्तुस्थितीचा वा कायद्याचा गैरसमज आहे, तर ‘खारिजी’. म्हणजे खारिजीतही खोटेपणा आणि चूक एकाच पोत्यात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत जुन्या मुंबई इलाख्याची पद्धत चालते: अ, ब आणि क समरी. अ म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. ब म्हणजे जाणूनबुजून केलेली खोटी तक्रार. क म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही. गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद. बडोद्याची आमची आत्या ‘बी समरी झाली’ म्हणते तेव्हा तिच्या बोलण्यात निदान एक अक्षर नेमके असते, जरी व्यवहारात पुरावा नाही एवढ्यावरही ब लागलेली दिसते. आम्ही मात्र ‘खात्मा लागला’ म्हणतो, आणि ऐकणारा तक्रारीचाच खात्मा झाला असे समजतो. खात्मा हा शब्दच असा की, त्याच्यापुढे कुणाला काही विचारावेसे वाटत नाही.

जयेंद्रगंजात ओळखीच्या एका वकिलांच्या ऑफिसात मी अशी एक फाइल पाहिली आहे. हातपंपावरून झालेले भांडण, त्यात जातीवाचक शिवी आणि काठीचा मार. वरचे दोन कागद दोरा ओवून पिवळे पडलेले, शेवटच्या पानावर टाइप केलेल्या चारच ओळी. दोन साक्षीदार मजुरीला सुरतेला गेले, पत्ता नाही. ‘फरियादी’ने पुढे कथन द्यायला नकार दिला. पुराव्याअभावी खात्मा. खाली सही आणि गोल शिक्का, शिक्क्याची शाई अर्ध्या ‘श्री’वर सांडलेली. तक्रार खोटी आहे असे त्या पानावर कुठेच लिहिलेले नव्हते. वकीलसाहेब चहा ओतत म्हणाले, “त्या दिवशी आरोपींच्या गल्लीत पेढे वाटले होते. म्हणाले, खोटी ठरली.”

तक्रार खरोखर खोटी असेल तर कायद्यात त्याचीही सोय आहे. जुन्या दंडसंहितेत १८२ आणि २११ ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा २१७ आणि २४८ ने घेतली आणि शिक्षा वाढली. लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल पूर्वी सहा महिने होते, आता एक वर्षापर्यंत. इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप केल्यास आता पाच वर्षांपर्यंत, आणि आरोप मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या वा त्याहून मोठ्या शिक्षेचा असेल तर दहा वर्षांपर्यंत. पण १८२ ची, म्हणजे आताच्या २१७ ची, कारवाई आपोआप होत नाही. ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी तक्रार, आमच्याकडच्या भाषेत इस्तगासा, द्यावा लागतो, आणि तक्रारदाराला ते खोटे आहे हे ठाऊक होते असे सिद्ध करावे लागते. ‘खोटी निघाली’ म्हणणाऱ्याला मी कधी कधी विचारतो, “मग १८२ झाली का?” त्यावर विषय बदलतो.

आकड्यांचेही असेच होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात बंद झालेल्या प्रकरणांचे रकाने वेगवेगळे असतात: खोटी, वस्तुस्थितीची वा कायद्याची चूक किंवा दिवाणी वाद, खरी पण पुरावा अपुरा वा माग नाही. २०१६ मध्ये अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे ४०,८०१ आणि जमातींवरील ६,५६८ गुन्हे देशात नोंदले गेले. त्या वर्षी तपासाअंती ‘खोटी’ ठरलेली अनुक्रमे ५,३४७ आणि ९१२. हे आकडे एकमेकांखाली मांडून सरळ टक्केवारी काढता येत नाही, कारण तपासाच्या आकड्यात मागच्या वर्षांची प्रलंबित प्रकरणेही असतात. आणि कोर्टातून सुटलेली प्रकरणे ही तिसरीच गोष्ट. हे गुन्हे कायद्याने सहज आपसात मिटवता येत नाहीत, पण गावात राजीनामा होतो, साक्षीदार फितूर होतात, इथल्या भाषेत पक्षद्रोही, आणि निर्दोष सुटका होते. पंगतीत तीही ‘खोटी’च्याच हिशेबात धरली जाते.

इथे तो निकाल येतो, आणि गंमत अशी की तो महाराष्ट्रातून आला. कऱ्हाडच्या एका सरकारी फार्मसी महाविद्यालयातला कर्मचारी. त्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले, त्याने ॲट्रॉसिटीखाली तक्रार केली. त्या अधिकाऱ्यांवर खटला भरायला परवानगी मागण्यात आली, ती २०११ मध्ये वरून नाकारली गेली. मग पोलिसांनी कोर्टात समरी पाठवली. कोणती? ब नव्हे, क. आणि तीही कोर्टाने स्वीकारली नाही. पुढे त्या कर्मचाऱ्याने परवानगी नाकारणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यावरच गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द करायला नकार दिला आणि प्रकरण दिल्लीला गेले.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २० मार्च २०१८ रोजी तो गुन्हा रद्द केला आणि त्याला कायद्याचा गैरवापर म्हटले. परवानगी देणे-नाकारणे हे अधिकाऱ्याचे कामच आहे, तेव्हा त्या एका प्रकरणापुरते हे पटण्यासारखे आहे. पण पीठ तिथे थांबले नाही. वरचे ५,३४७ आणि ९१२ चे आकडे निकालात आले, आणि साऱ्या देशासाठी निर्देश निघाले: सरकारी नोकराला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, इतरांसाठी जिल्ह्याच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकाची, गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकाकडून प्राथमिक चौकशी, प्रथमदर्शनी प्रकरण दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन. खोट्या तक्रारींवर देशातला सर्वांत गाजलेला निकाल ज्या फाइलीवर उभा राहिला, त्या फाइलीत पोलिसांनी कुणाला जाणूनबुजून खोटे बोलणारा ठरवलेले नव्हते. माझ्या मते पुढच्या दोन वर्षांची सारी गुंतागुंत इथून सुरू होते, पण ग्वाल्हेरात त्या आठवड्यात हे कुणाच्या गावीही नव्हते. एका बाजूने ऐकले, ‘कोर्टानेच सांगितले, केसेस खोट्या असतात.’ दुसऱ्या बाजूने ऐकले, ‘कोर्टाने आम्हाला खोटे म्हटले.’

महाराष्ट्रात २०१६ च्या मूक मोर्चांमध्ये या कायद्यातल्या बदलाची मागणी होतीच, आणि लश्करच्या मराठी घरांत ते मोर्चे टीव्हीवर पाहिले जात होते. म्हणून निकालाचे स्वागत इथे काहीसे घरचे कार्य असल्यासारखे झाले.

२ एप्रिल २०१८ ला या निकालाविरुद्ध दलित संघटनांचा भारत बंद होता. सकाळी महाराज बाड्यावर शटर अर्धी उघडी होती, म्हणजे बंद मानायचा की नाही यावर दुकानदारांचे एकमत नव्हते. अकराच्या सुमारास ती धडाधड खाली आली. मुरार, थाटीपूर, डबरा या बाजूंनी बातम्या येऊ लागल्या. थाटीपूरला गर्दीच्या दिशेने पिस्तुलातून गोळ्या झाडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत देशभर पोचला. ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या तिन्ही जिल्ह्यांत माणसे मेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. आमच्या गल्लीत दूध दोन दिवस आले नाही, आणि रोज आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाई आठवडाभर आल्या नाहीत. आल्या तेव्हा काय बोलावे हे आईला सुचेना. तिने नुसता चहा दिला, आमच्याच कपात. ते तिने पहिल्यांदाच केले होते, हे मला फार नंतर लक्षात आले.

१० एप्रिलला उलट बाजूचा बंद आला. त्यामागे कोणती संघटना आहे हे धड कुणालाच सांगता येत नव्हते. हाक फोनवरच्या संदेशांतून फिरत होती. प्रशासनाने आधीच संचारबंदी लावून ठेवली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८-अ कलम घातले: प्राथमिक चौकशी नको, अटकेला पूर्वपरवानगी नको. लगेच ६ सप्टेंबरला सवर्ण संघटनांचा बंद, आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. त्या निवडणुकीत या भागात जे झाले त्याची कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात. नव्या सरकारने २०१९ उजाडताच २ एप्रिलचे खटले मागे घेण्याची घोषणा केली, तेव्हा बाड्यावर पुन्हा तोच शब्द ऐकू आला, या वेळी तोंडे बदलून: “पोलिसांनी आमच्या पोरांवर खोट्या केसेस टाकल्या होत्या.”

१ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०१८ चे ते निर्देश मागे घेतले. खोटी तक्रार होते ती माणसाच्या स्वभावदोषामुळे, जातीमुळे नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ कलमही वैध ठरले. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्टाने अटकपूर्व जामिनाचा विचार करायला वाव राहिला. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात, वाद मूळचा खाजगी वा दिवाणी असेल आणि राजीनामा मनापासूनचा असेल तर खटला रद्द करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे राजीनाम्याला, आमच्या अर्थाच्या, मर्यादित का होईना मान्यता मिळाली. या तिन्ही निकालांवर पंगतीत चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. मार्च २०१८ च्या निकालावर मात्र अजून होते, जणू तोच चालू आहे.

२०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसवण्यावरून वकिलांतच दोन तट पडले. चौथरा तयार झाला, पुतळा थांबला. त्या वादाचा या कायद्याशी काही संबंध नव्हता. तरी त्या दिवसांत जयेंद्रगंजातल्या त्याच ऑफिसात गेलो, तेव्हा बाकावर बसलेला एक तरुण वकील दुसऱ्याला सांगत होता, “हे सगळं त्या खोट्या केसेसपासून सुरू झालं.” दुसरा म्हणाला, “कोणत्या? खात्मा लागलेल्या की खारिजी?” पहिल्याने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि आपला काळा कोट हँगरला लावायला उठला.